दात निमुळते म्हणून हिरडी पातळच असेल का?

वाचकाचं पत्र:

डॉक्टर ताई, मी 28 वर्षांची, सांगलीला असते. खालचे पुढचे दात एकमेकांवर चढलेत म्हणून तारा लावायचं ठरवलं. माझे वरचे पुढचे दात चावायच्या कडेला रुंद आणि हिरडीकडे निमुळते आहेत, दोन दातांमधे हिरडीपाशी बारीक काळ्या फटी दिसतात. खालच्या एका दाताची हिरडी थोडी उतरलीये, गार पाणी लागलं की सणक जाते. तारा लावणाऱ्या डॉक्टरांनी हिरड्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी तोंड उघडायला लावलं, बघितलं आणि म्हणाले दात निमुळते आहेत म्हणजे हिरडी पातळ, थिन बायोटाइप आहे, आधी टाळूतून तुकडा काढून खालच्या चारही दातांना ग्राफ्ट करू, मगच तारा. माझ्या मोठ्या बहिणीचे दात चौकोनी आणि हिरड्या जाड, तिला तारा लावल्या तेव्हा कुणी असलं काही बोललं नव्हतं. दाताच्या आकारावरून हिरडीची जाडी खरंच कळते का? वरच्या दातांना कॅप लावून ते चौकोनी करून घेतले तर हिरडी जाड होईल का? आत्या म्हणते मशेरी लाव, हिरड्या घट्ट होतील. शेजारच्या काकू म्हणतात तुरटी आणि मोहरीचं तेल चोळ. मी फार घाबरलेय, काय करू?

उत्तर:

अगं, आधी एक दीर्घ श्वास घे. तुझ्या पत्रात घाबरण्यासारखं फार काही नाहीये, पण दुर्लक्ष करण्यासारखंही नाहीये, आणि तू ग्राफ्टची तारीख घ्यायच्या आधी विचारलंस हे फार बरं केलंस. तुझ्या डॉक्टरांनी जे सांगितलं त्यात तथ्य आहे. फक्त त्यांनी दाताचा आकार बघून थेट ऑपरेशनपर्यंत उडी मारली, आणि मधली एक गोष्ट राहून गेली, ती म्हणजे मोजणं. तुझं तोंड मी बघितलेलं नाही, त्यामुळे ग्राफ्ट कर किंवा करू नको असं मी इथून सांगणार नाही, पण कशाच्या आधारावर ठरवायचं ते नक्की सांगते.

आकार आणि जाडीचा संबंध ही काही कालची कल्पना नाही. 1969 मध्ये ऑक्सेनबीन आणि रॉस या अमेरिकन डॉक्टरांनी लिहिलं की चौकोनी दातांभोवतीची हिरडी सपाट कडेची असते आणि निमुळत्या दातांभोवतीची खूप कमानदार. मग 1977 मध्ये वाइसगोल्ड या अजून एका अमेरिकन दंतवैद्यांनी त्यात जाडी जोडली, म्हणजे जाड-सपाट आणि पातळ-कमानदार असे दोन गट, आणि पातळवाल्यांची हिरडी उतरण्याची शक्यता जास्त असते हेही सांगितलं. पुढे 1991 मध्ये स्वीडनच्या ओल्सन आणि लिंडे यांना वरच्या पुढच्या दातांत हेच दिसलं, लांब-अरुंद दातांची हिरडी आखूड-रुंद दातांपेक्षा जास्त उतरलेली होती. तेव्हापासून हे दंतवैद्यकाच्या कॉलेजात शिकवलं जातं, तुझ्या डॉक्टरांनी पण तेच शिकलेलं असणार, त्यामुळे ते मनाचं काही बोलले नाहीत.

हे असं का होतं ते आरशात बघूनच समजेल. बाथरूमचा चांगला लाईट लाव, वरचा ओठ वर कर आणि समोरचे दोन दात एकमेकांना नेमके कुठे टेकतात ते बघ. तुझ्यासारख्या निमुळत्या दातांत ती टेकायची जागा खाली, चावायच्या कडेजवळ असते, त्यामुळे दोन दातांमधलं हिरडीचं टोक लांब आणि टोकदार होतं, आणि प्रत्येक दाताच्या गळ्याशी हिरडीची कमान खोल चढते. आता बहिणीला ओठ वर करायला सांग. तिचे दात लांबपर्यंत एकमेकांना चिकटलेले दिसतील, मधलं टोक आखूड असेल आणि हिरडीची कड जवळजवळ सरळ रेषेत जात असेल. चौकोनी दाताला गळ्याशी चांगला फुगवटा असतो, निमुळत्या दाताचा तिथला उतार अगदी सौम्य असतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं आरशात दिसत नाही, ते म्हणजे हिरडीखालचं हाड. ओठाच्या बाजूला दाताच्या मुळावर हाडाचा एक पापुद्रा असतो, आणि हिरडी पातळ असली की बरेचदा तो पापुद्राही पातळच असतो, काही ठिकाणी तर मुळावर हाड नसतंच, नुसती हिरडी असते. अशा जागी जोरात ब्रश घासला, सूज राहिली किंवा दात बाहेरच्या बाजूला ढकलला की हिरडीला खालून आधार नसतो आणि ती उतरते.

इथपर्यंत तुझे डॉक्टर बरोबर. पण बेल्जियमच्या संशोधकांनी 2009 मध्ये 100 निरोगी हिरड्यांच्या लोकांचे वरचे पुढचे दात आणि हिरड्या तपासल्या, तेव्हा दोन नाही तर तीन गट निघाले. साधारण एक तृतीयांश लोक जुन्या वर्णनातले, म्हणजे निमुळते दात आणि पातळ कमानदार हिरडी, आणि त्यात बायका जास्त. अजून एक तृतीयांशापेक्षा थोडे कमी लोक चौकोनी दात आणि जाड सपाट हिरडी असलेले. आणि उरलेल्या साधारण एक तृतीयांश लोकांचे दात निमुळते, कमानही खोल, पण हिरडी मात्र चांगली जाड! म्हणजे निमुळते दात असलेल्या सगळ्यांना एकत्र उभं केलं तर त्यातल्या जवळपास निम्म्यांची हिरडी जाड निघाली. आता तूच सांग, नुसते निमुळते दात बघून हिरडी पातळ आहे असं कसं म्हणायचं? दाताचा आकार इशारा देतो, तपासा म्हणतो, त्यापुढे तो काही सांगू शकत नाही.

त्याच लोकांचे फोटो मग वेगवेगळ्या डॉक्टरांना दाखवून विचारलं की ओळखा पातळ हिरडी कुणाची. अनुभवी असोत की नवखे, नुसत्या नजरेने ओळखण्यात दोघंही सारखेच कमी पडले आणि ज्यांना खरा धोका होता त्या पातळ हिरडीवाल्यांपैकी जवळपास निम्मे लोक त्यांच्या नजरेतून निसटले. यात तुझ्या डॉक्टरांना नावं ठेवायचा हेतू अजिबात नाहीये, डोळ्यांनी हे कळतच नाही एवढंच सांगायचंय.

आणि तुझ्या बाबतीत तर अजून एक गोष्ट आहे जी मला पत्र वाचताना सगळ्यात जास्त खटकली. आकार बघितला वरच्या दातांचा आणि ग्राफ्ट सांगितला खालच्या चार दातांना! हे जे सगळं दातांच्या आकाराचं संशोधन मी वर सांगितलं ते मुख्यतः वरच्या समोरच्या दातांवर झालंय. हिरडीची जाडी एकाच तोंडात दातागणिक बदलते, सुळ्यावर वेगळी, दाढेवर वेगळी, रांगेतून पुढे आलेल्या दातावर वेगळी. खालचे पुढचे दात तर सगळ्यांचेच अरुंद असतात आणि त्यांच्यावरचं हाडही पातळच असतं. तिथे हिरडी किती आहे हे त्या त्या दातापाशीच बघावं लागतं, आणि चार दातांपैकी कदाचित एकालाच गरज असेल, कदाचित दोघांना, कदाचित चौघांना.

मोजायचं कसं, तर सोपं आहे. हिरड्यांच्या प्रत्येक डॉक्टरांकडे मिलीमीटरच्या खुणा असलेली बारीक बोथट सळई असते, तिला प्रोब म्हणतात. ती दात आणि हिरडीच्या मधल्या फटीत अलगद सरकवायची आणि समोरून बघायचं. पातळ पदराखाली धरलेली किल्ली जशी कळते तशी ती सळई हिरडीतून दिसली तर हिरडी पातळ, नाही दिसली तर जाड. दुखत नाही, जरासं टोचल्यासारखं वाटतं इतकंच. आता रंगीत टोकांचे प्रोबही मिळतात, त्यात पांढरं टोक दिसतंय, हिरवं दिसतंय की निळं यावरून अजून बारकाईने ठरवता येतं. अगदी आकडाच हवा असेल तर ती जागा बधिर करून बारीक सुईने जाडी मोजतात, किंवा 3डी स्कॅन करायचाच असेल तर ओठ बाजूला धरून करतात म्हणजे हिरडी आणि हाड दोन्हींचा अंदाज येतो, पण फक्त हिरडीसाठी स्कॅन काढायची गरज नसते. 2017 मध्ये शिकागोला अमेरिकन आणि युरोपियन हिरडीतज्ज्ञांची मोठी परिषद झाली होती, तिथे जी व्याख्या ठरली त्यात 1 मिलीमीटरपर्यंत पातळ आणि त्यापेक्षा जास्त असेल तर जाड असं धरलंय. एवढ्याशा फरकावर सगळं अवलंबून आहे म्हणूनच डोळ्यांनी अंदाज बांधू नये असं मी म्हणते.

मोजायच्या आधी दोन गोष्टी बघ. दातांवर किटण असेल, ब्रश करताना रक्त येत असेल तर आधी क्लीनिंग करून घे आणि काही आठवडे जाऊ दे, कारण सुजलेली हिरडी जाड वाटते, सूज उतरली की तीच पातळ निघते. दुसरं म्हणजे आपल्याकडे बऱ्याच जणांच्या हिरड्यांवर काळसर तपकिरी झाक असते, ते नॉर्मल आहे, त्याचा जाडीशी काही संबंध नाही. पण गडद हिरडीत आतली सळई नीट दिसत नाही, म्हणून तुझी हिरडी तशी असेल तर प्रोब दिसला नाही म्हणजे जाड असं लगेच धरू नये, सुईने मोजायला सांग.

जाडीबरोबर अजून एक माप विचार, ते म्हणजे घट्ट हिरडीची पट्टी किती रुंद आहे. खालचा ओठ बोटांनी पुढे ओढून बघ, दाताच्या गळ्याशी फिकट गुलाबी, घट्ट, न हलणारी एक पट्टी दिसेल आणि तिच्याखाली गडद लाल, चकचकीत, हलणारा भाग सुरू होतो. ज्या दाताची हिरडी उतरलीये तिथे ती घट्ट पट्टी किती उरलीये ते बघायचं. ओठ ओढल्यावर त्या दातापाशी हिरडीची कड पण हलत असेल किंवा ओठाच्या आतली ती बारीक दोरीसारखी मांसाची घडी तिथे ताण देत असेल तर डॉक्टरांना मुद्दाम दाखव, कारण मग ग्राफ्टच्या बाजूने वजन वाढतं.

आता मुख्य गोष्ट, जी ऑपरेशन आधी की नंतर हे ठरवते. तारा लावणाऱ्या डॉक्टरांना स्पष्ट विचार की हा उतरलेल्या हिरडीचा दात कुठल्या दिशेला जाणार आहे, ओठाकडे की जिभेकडे. एकमेकांवर चढलेल्या दातांना सरळ रांगेत बसवायला जागा लागते, आणि दात न काढता किंवा बाजूने न घासता ती जागा केली तर बरेचदा खालचे पुढचे दात ओठाच्या बाजूला कलतात. पातळ हिरडी, पातळ हाड आणि वर दात बाहेर कलणार असेल तर ग्राफ्ट आधी करून घेणं हा शहाणपणाचा सल्ला आहे, मी पण तोच देईन. पण तुझा तो दात आत्ताच रांगेच्या बाहेर आलेला असेल आणि तारांनी तो आत, हाडाच्या मध्यावर येणार असेल तर गोष्ट वेगळी आहे. दात आत गेला की ओठाच्या बाजूची हिरडी आपोआप थोडी जाड होते, कधी कधी उतरलेली कड थोडी वर पण येते, आणि तेव्हा आधी दात हलवून मग ग्राफ्ट लागतोय का ते बघणं जास्त बरं. हा निर्णय एकट्या हिरडीच्या डॉक्टरांनी किंवा एकट्या तारांच्या डॉक्टरांनी घ्यायचा नसतो, दोघांनी एकमेकांशी फोनवर बोलायला हवं, आणि तसं बोला म्हणायचा तुला पूर्ण हक्क आहे. संकोच करू नकोस गं, पैसे तुझे, तोंड तुझं!

ग्राफ्ट करायचाच ठरला तर त्याची भीती बाळगू नकोस. टाळूच्या आतल्या थरातून पातळ पट्टी काढतात आणि ती हिरडीच्या खाली सरकवून टाके घालतात, सगळं बधिर करून. टाळूची जखम साधारण दोनेक आठवड्यांत भरते, पहिले काही दिवस चुरचुरतं, भाकरीचे पापुद्रे, चिवडा, फरसाण असलं टोचणारं आणि तिखट-गरम बंद, मऊ भात-वरण, ताक, केळं यावर राहायचं आणि डॉक्टर सांगतील तोपर्यंत त्या जागी ब्रश लावायचा नाही. योग्य जागी, योग्य कारणासाठी केलेला ग्राफ्ट फार चांगलं काम करतो, हिरडी खरोखर जाड होते आणि वर्षानुवर्षं टिकते. म्हणून तर तो गरज असलेल्या दातालाच व्हावा असं मला वाटतं, टाळूही काही अमर्याद नाहीये.

कॅपचं मात्र डोक्यातून काढून टाक. दाताचा आकार बदलून हिरडीची जाडी बदलत नाही. हिरडी आणि हाड तुला घराण्यातून मिळालंय, दातावर काय चढवलं याचा त्याच्याशी संबंध नाही. उलट पातळ हिरडीखाली कॅपची कड गेली की हिरडी चिडते, उतरते आणि आतली कड उघडी पडते, कॅप धातूवरची असेल तर हिरडीतून करडी रेघ दिसते. 28 व्या वर्षी चांगले निरोगी दात घासून कॅप लावायच्या हे मला अजिबात पटत नाही.

त्या काळ्या फटींचं म्हणशील तर त्यांचा संबंध आकाराशी खरोखर आहे, आणि त्यावर इलाजही सौम्य आहे. टार्नो या अमेरिकन हिरडीतज्ज्ञांनी 1992 मध्ये मोजून दाखवलंय की दोन दात टेकतात त्या जागेपासून हिरडीच्या आतल्या हाडापर्यंत अंतर 5 मिलीमीटर किंवा कमी असेल तर मधलं हिरडीचं टोक जवळजवळ नेहमी ती जागा भरून काढतं, 6 झालं तर साधारण निम्म्या वेळाच, आणि 7 झालं तर चारातून एखाद्या वेळीच. म्हणजे बघ, टेकायची जागा हिरडीच्या दिशेने जराशी सरकवली तरी फट बंद व्हायची शक्यता किती वाढते. तारा चालू असताना डॉक्टर दातांच्या बाजू केसभर घासून ते जवळ आणतात, किंवा शेवटी दाताच्या रंगाचं थोडंसं मटेरियल बाजूला लावतात, दोन्ही पुरतं. हे तारा लावायच्या आधीच बोलून ठेव म्हणजे ते प्लॅनमध्ये येईल.

आता आत्या आणि काकू. मशेरीला कृपा करून हात लावू नकोस, आणि आत्या लावत असतील तर त्यांनाही प्रेमाने पण नेटाने सांग. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू, दुसरं काही नाही. ती रोज जिथे चोळतात तिथली हिरडी पांढुरकी, सुरकुतलेली आणि जाडसर होते आणि बायकांना वाटतं हिरडी घट्ट झाली, पण ती तंबाखूने भाजलेली कातडी असते, त्यातून कॅन्सर होऊ शकतो, आणि बोटाने घासून घासून मुळं उघडी पडतात ते वेगळंच. शिवाय सवय लागते, सकाळी मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही असं सांगणाऱ्या बायका आपल्याकडे गावोगावी आहेत. आत्यांना तोंडात पांढरा चट्टा, न भरणारी जखम किंवा तिखट लागलं की आग होत असेल तर त्यांना तुझ्याआधी डॉक्टरकडे ने.

तुरटीने आणि मोहरीच्या तेलाने हिरडी जाड होत नाही. तुरटीने क्षणभर आवळल्यासारखं वाटतं, तेवढंच, आणि उतरलेल्या जागी चोळल्याने नुकसानच होईल. काकूंना वाईट वाटू देऊ नको, पण चोळू नको. त्यापेक्षा आजच मऊ ब्रश आण, तो पेनासारखा धर म्हणजे हातात जोर येणार नाही, हिरडीकडून दाताकडे हळू फिरव, आडवं खसाखसा घासणं बंद. सणक जाते त्यासाठी सेन्सिटिव्ह दातांची पेस्ट रोज वापर, काही आठवड्यांनी फरक पडतो. आणि महिन्यातून एकदा त्याच लाईटमध्ये, तसाच ओठ खाली ओढून त्या दाताचा मोबाईलवर फोटो काढून ठेव. हिरडी तिथेच आहे की अजून सरकतेय हे त्या फोटोंवरून डॉक्टरांना लगेच कळतं, आणि तुलाही उगाच रोज आरशात बघून जीव जाळायला नको.

बहिणीला पण एक निरोप दे. जाड हिरडी असली म्हणजे सगळं ठीक असं नसतं. पातळ हिरडीला त्रास झाला की ती उतरते आणि दिसते, जाड हिरडी मात्र वरून छान दिसत राहते आणि आजार आतल्या आत दात आणि हिरडीमधली फट खोल करत जातो, हाड झिजतं आणि माणसाला पत्ता लागत नाही. तिला सहा महिन्यांतून एकदा प्रोबने तपासून घ्यायला सांग, विशेषतः ब्रश करताना रक्त येत असेल किंवा तोंडाला वास येत असेल तर.

तुला डॉक्टर बदलायची गरज आहे असं मला वाटत नाही. परत त्यांच्याकडेच जा आणि म्हण, खालच्या प्रत्येक दाताची हिरडी प्रोबने बघून पातळ की जाड लिहून द्या, घट्ट पट्टी किती मिलीमीटर आहे ते लिहा आणि हिरडी किती उतरलीये ते लिहा. मग तो कागद घेऊन तारांच्या डॉक्टरांकडे जा. मोजायला नकार मिळाला तर मात्र दुसरं मत घे, सांगलीत-मिरजेत हिरड्यांचे डॉक्टर आहेत, दातांच्या कॉलेजच्या हिरडी विभागातही हे कमी पैशात होतं. आकडे हातात आले आणि तरी गोंधळ वाटला तर मला परत लिही, त्या दाताचा सरळ समोरून काढलेला एक फोटो जोड.